पाण्यातला पीळ

यशो, आधी पेढ्यांची गोष्ट सांगून टाकते. तू असतीस तर तूच सांगितली असतीस, वर चार गोष्टी पदरच्या घातल्या असत्यास. आता ती सांगायला मी एकटीच उरले आहे, तेव्हा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐक.

तू नोकरीला नुकतीच लागली होतीस. मी चाकणच्या आपल्या कंपनीत पेप्टाइड विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर पांढऱ्या कोटाच्या खिशाला पेनांची रांग, गळ्यात चष्म्याची साखळी आणि चेहऱ्यावर असा भाव की देवानं अमिनो आम्लं निर्माण करायच्या आधी माझा सल्ला घेतला होता. जेवायला बसतानासुद्धा तो कोट मी काढत नसे. आज ती बाई मला भेटली तर मी तिला रांगेत मागं उभी करीन.

तर त्या बाईनं एका पेप्टाइडवर बरेच महिने घालवले होते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळ नुसती लोंबत राहिली तर शरीरातली पाचक रसायनं तिचे बघता बघता तुकडे करतात. तिला गोल जिन्यासारखा पीळ बसला आणि तो टिकला, तर ती औषध व्हायच्या लायकीची. आपला सगळा धंदा तो पीळ टिकवण्याचा. माझी माळ पाण्यात धड विरघळेना, म्हणून मी ती टीएफई नावाच्या द्रावणात विरघळवली, मशीनमध्ये ठेवली, आणि पडद्यावर पिळाची खूण उमटली, एकाशेजारी एक असे दोन खोल खड्डे.

आता हे टीएफई काय चीज आहे, ते एमएस्सीच्या पोरालाही माहीत असतं. पाण्यात ज्या माळेला उभं राहता येत नाही, ती त्यात गेली की ऐटीत पीळ घेते. त्यात शेवया टाकल्या तरी जिने होऊन बाहेर पडतील. साबणाच्या जाहिरातीतल्या घरात कुणाचाही सदरा पांढरा दिसावा, तसा प्रकार. मला हे माहीत नव्हतं थोडंच? पण खड्डे बघितले आणि माहिती पळाली. मी चिंचवडहून पेढे मागवले. सगळ्या मजल्यावर वाटले, गेटवरच्या वॉचमनलाही दिले. यजमानांना फोन केला. ते म्हणाले, म्हणजे आता औषध निघणार का. मी म्हणाले, निघालंच समजा.

तू कोपऱ्यात काचसामान धूत होतीस. पेढा घेतलास, खाल्लास, बोटं चाटलीस, आणि बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिलीस. मग मी बेसिनशी हात धुवायला गेले, तेव्हा मागून येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंस, "मॅडम, हे पाण्यात बघितलंत का?"

पाण्यात बघितलं. माळ लोंबत होती.

तू कुणाला बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी मीच मजल्यावर उभी राहून जाहीर केलं की पेढे परत करा. सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दिवसापासून तू मला मॅडम म्हणायचीस ती ताई म्हणायला लागलीस. का, ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक तुला वाटलं असेल, एवढी मूर्ख बाई मॅडम कशी असेल.

तुझ्यावर लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचलं. कंपनीच्या ग्रुपवर तर फुलांचा सडा पडलाय. 'हसतमुख', 'मनमिळाऊ', 'कधी कुणाला दुखावलं नाही'. यशो, तू मला इतक्या वेळा दुखावलंस की मी त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलं होतं. आणि हसतमुख? मशीनचा दिवा गेला की तुझं तोंड बघवत नसे. मेल्यावर माणसाला असं उकडून, साल काढून, मऊ करून का ठेवतात कळत नाही. मी तसं करणार नाही. मला तुझा राग आलेला आहे आणि तो मी इथे घेऊनच आले आहे.

आधी त्या रस्त्याचा राग. तळेगावहून चाकणला जाणारा तो रस्ता आपण दोघींनी किती वर्षं शिव्या देत पार केला. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला कंटेनर, मधून आपली स्कूटर, म्हणजे आडकित्त्यातली सुपारी. मी मागं बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तू म्हणायचीस, ताई, डोळे मिटल्यानं कंटेनर लहान होत नाही. त्या रस्त्यावर माणूस गेला की लोक आधी ट्रॅफिक कुठवर तुंबलं ते सांगतात. तुझं मला तसंच कळलं. भाजी घेताना शेजारचा माणूस फोनवर कुणाला सांगत होता, राव, आज तिकडनं येऊ नको, एक बाई गेलीय कंटेनरखाली, दोन तास गाड्या हलल्या नाहीत. मी मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते. महाग आहे म्हणाले आणि घासाघीस केली. ती बाई तू होतीस.

आपलं सगळं खरं काम माझ्या स्वयंपाकघरात झालं, हे कंपनीत कुणाला माहीत नाही. मी निवृत्त झाल्यावर तू रविवारी तळेगावला यायचीस. पडद्यावर फिरणारे रंगीत जिने तुलाही दिसायचे, पण तुला हाताला लागल्याशिवाय पटायचं नाही. म्हणून लाटणं. जाड दोऱ्यात मणी ओवायचे, तेलकट आम्लांना पिवळे, पाण्याशी जुळणाऱ्यांना निळे, आणि ती माळ लाटण्यावर गुंडाळायची. एका वेढ्यात साडेतीन मण्यांहून थोडे जास्त. गुंडाळून झालं की लाटणं फिरवून बघायचं: पिवळे सगळे एका अंगाला आलेत का, निळे दुसऱ्या अंगाला गेलेत का. पिवळी बाजू जिवाणूच्या कातडीत घुसून त्याला मारणार, निळी पाण्याकडे तोंड करून राहणार. एक मणी चुकला तर सगळी माळ उसवायची.

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. शंभरीकडे झुकलेल्या, पण कान तल्लख. त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "व्हय गं, आन् पोळ्या कशानं लाटायच्या? पेनानं?" तू उठून त्यांना पोळ्या लाटून द्यायचीस. बाटलीनं. माझ्या उभ्या संसारात मला जे साधलं नाही ते तू केलंस, माझ्या सासूला हसवलंस. त्याचा मला त्या वेळी हेवा वाटला होता. आज उपकार वाटतात. ते तेव्हा सांगायला हवं होतं, पण मी काय केलं, पोळी कच्ची राहिली म्हणाले.

ही माळ कशासाठी, ते मला पहिल्यांदा कळलं दापोडीला, तुमच्या घरी, रेल्वेलाइनच्या कडेच्या त्या गल्लीत. नाना खाटेवर बसले होते. तुझे वडील जन्मभर कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबणाऱ्या यंत्रापुढं उभे राहिलेले, साखरेचा आजार अंगात कधी शिरला ते कळलं नाही, तळपायाची जाणीव कधी गेली तेही नाही. सेफ्टी शूजमध्ये लोखंडाचा कीस गेला होता. ते आख्खी शिफ्ट त्यावर उभे राहिले. घरी आल्यावर मोज्याला रक्त बघून तुझ्या आईनं विचारलं, तेव्हा कळलं. जखम भरेना. औषधांना जिवाणू दाद देईनात. शेवटी घोट्याच्या वरून पाय काढला.

नाना हे सगळं गंमत सांगावी तसं सांगत होते. म्हणाले, बाई, एका पायाचे सेफ्टी शूज कंपनी देत नाही, जोडीच घ्यावी लागते. तू मात्र तिथून उठून ओट्याशी गेलीस आणि चहाचं आधण उगाच ढवळत राहिलीस. परत येताना रस्त्यात म्हणालीस की तुला असा पीळ हवाय जो पुवात टिकेल. पुवात सगळं पचवणारी रसायनं असतात, कात्र्यांसारखी. कात्रीला धरायला सैल दोरा लागतो. पीळ घट्ट असला की तिला धरायला काही सापडत नाही. तेवढं एक मलम तयार झालं, एकदा एका माणसाच्या जखमेला लागलं, की मी सुटले, असं म्हणालीस. तुझं सगळं आयुष्य मग त्या एका वाक्यामागं गेलं. बढती, परदेशची संधी, दुसऱ्या कंपनीचं बोलावणं, सगळ्याला तू नाही म्हणालीस.

मग आपलं मोठं भांडण. एक टाका की दोन. पिळाच्या एका वेढ्यातून खालच्या वेढ्यात कार्बनचा एक पूल टाकला की पीळ सुटत नाही, त्याला आपण टाका म्हणायचो. मी म्हणाले दोन घाल, मजबूत होईल. तू म्हणालीस एकच. मी म्हणाले, गोधडीला एक टाका घालून कोण झोपतं. तू म्हणालीस, ही गोधडी नाही ताई, हिला हलता आलं पाहिजे, नाहीतर ही आपल्या माणसांतही घुसेल. मी वयाचा मान मागितला. तू दिला नाहीस. दोन्ही तयार केलेस आणि रक्तपेढीतून आलेल्या रक्तात टाकलेस. तुझ्या नळीत रक्तपेशी खाली बसल्या आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं. माझ्या नळीत वरचं पाणी लाल. माझ्या दोन टाक्यांच्या मजबूत पिळानं रक्तपेशी फोडून टाकल्या होत्या. तू ती नळी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "ताई, तुमचा पीळ जिवाणू मारतो आणि मग वेळ आहे म्हणून माणूसही मारतो."

मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. लोक माझ्याबद्दल म्हणायचे, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही. आपल्या धंद्यात मात्र उलटं आहे, सुंभ तसाच राहतो आणि पीळ आधी जातो. तुझ्या एका टाक्याच्या माळेचं तेच होत होतं. रक्ताला धक्का लावत नव्हती, पण पाण्यात निम्माच पीळ धरायची. पुवात काही तास टिकायची आणि मग कात्र्या तिला गाठायच्या. अजून काम हवं होतं. एखादा मणी बदलायचा, टाक्याची जागा सरकवायची, पुन्हा लाटणं. वर्ष लागलं असतं, कदाचित दोन.

आणि कंपनीच्या साहेबांना वर्ष नको होतं. आपण त्यांना डबल-फिल्टर म्हणायचो. त्यांच्या तोंडून वाक्य इतकं गाळून बाहेर यायचं की त्यात काही शिल्लकच नसायचं. परदेशातली एक कंपनी तुझं पेप्टाइड विकत घ्यायला तयार झाली होती, पीळ पक्का आहे एवढं दाखवा म्हणाली होती. नाही दाखवलं तर विभाग बंद, तुझी टीम घरी, आणि तुझी माळ फ्रीझरमध्ये कायमची.

त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात चहा पिताना तू मला तुझ्या फोनच्या पडद्यावर त्यांना पाठवायचा अहवाल दाखवलास. मी चष्मा पुसून बघितला. दोन खोल खड्डे. सुरेख. मी म्हणाले, अगं, जमलं की. मग मला दिसलं. आलेखाखाली मोजणी कशात केली ते लिहायची एक ओळ असते. ती ओळ नव्हती.

"टीएफई?" मी विचारलं.

"खोटं कुठे आहे त्यात, ताई? जिवाणूच्या कातडीवर गेली की ती असाच पीळ घेते. टीएफई म्हणजे त्या कातडीचीच नक्कल."

"मग तसं लिही खाली."

"लिहिलं तर ते पाण्यातला आलेख मागतील."

"मागू देत."

"आणि मग?"

आणि मग काय, ते मला माहीत होतं, तुला माहीत होतं. तुझं म्हणणं होतं की एकदा व्यवहार होऊ दे, पैसा आला की त्याच पैशांत पुढचं काम करू, खरा पीळ बसवू, तोवर माळ जिवंत तर राहील. माझं म्हणणं असं की मध्येच कुणी ती खऱ्या जखमेवर लावून बघितली तर? मलम लावलंय म्हणून दुसरं औषध बंद केलं तर? तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. पण मला जिंकायचं होतं, त्या लाल नळीचं उट्टं काढायचं होतं बहुतेक. मी म्हणाले, "नानांच्या पायावर काय टीएफई ओतणार होतीस का?"

तू कप खाली ठेवलास. आवाज न करता. म्हणालीस, "ताई, तुमचं बरोबर आहे. नेहमीच असतं. पण बरोबर असणं तुम्हाला परवडतं. तुम्ही पेढे वाटून चुकलात तेव्हा सगळा मजला हसला. मी चुकले असते तर कुणी हसलं नसतं. म्हणाले असते, घेतलीच कशाला हिला." आणि हेल्मेट उचललंस.

हे तू कुठल्या अर्थानं म्हणालीस ते मला लगेच कळलं, आणि कळलं नाही असं मी दाखवलं. तुमच्या घरच्या भिंतीवरची तसबीर कुणाची, माझ्या घरच्या देव्हाऱ्यात कोण, हे आपण इतकी वर्षं कधी मधे आणलं नव्हतं. म्हणजे मी आणलं नव्हतं. तुझ्या तर ते रोज मधे असणार. डब्याच्या वेळी, बढतीच्या वेळी, बेसिनशी येऊन हळू आवाजात बोलताना. मला वाटत आलं होतं की तू मोठ्या मनाची म्हणून हळू बोललीस. आता वाटतं, मोठ्यानं बोलायची तुला सोयच नव्हती. पण हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी दारात उभी राहून मागून ओरडले की त्या अहवालावर सही करशील तर पुन्हा या घरात येऊ नकोस.

तू सही केलीस. आणि आली नाहीस. एवढं एकच माझं ऐकलंस.

मी तुझ्या फोनची वाट बघितली. नातू विचारायचा, यशोमावशी का येत नाही, तिच्या मण्यांचा डबा तसाच पडलाय. मी म्हणायचे, तिला काम असतं. मनात म्हणायचे, येईल नाक घासत. हे असं मनात म्हणणारी बाई अजूनही कोट घालून जेवायला बसते, यशो. कोट तेवढा दिसत नाही. फोन माझ्याही हातात होता. रोज लोकांना सुविचार पाठवत होते त्यावरून.

आणि मग ती मेथी, तो माणूस, तो रस्ता.

दापोडीला तुझ्या जलदानविधीला मी आले होते. मागं, चपला काढल्या होत्या तिथंच बसले. नाना खुर्चीवर होते. वंदना चालू असताना सगळे हात जोडून होते, ते मात्र दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून समोर बघत होते. त्यांना भेटायची माझी हिंमत झाली नाही. तुझी लेक बोधी पांढऱ्या साडीत इकडून तिकडे पाणी देत फिरत होती. माझ्यापुढं पेला धरला तेव्हा तिनं मला ओळखलं की नाही, मी वर बघितलंच नाही.

कंपनीतल्या शोकसभेला मात्र पहिल्या रांगेत बसले. कॅन्टीनच्या टेबलांवर पांढरे कपडे घातलेले, तुझा फोटो, झेंडूचा हार. पहिली शिफ्ट सुटलेली, दुसरी आत आलेली, मध्ये जेवढा वेळ बसतो तेवढा शोक. फोटोमागच्या मोठ्या पडद्यावर तुझा आलेख लावलेला. हो, तोच. एका कोपऱ्यात चौकटीत ते परदेशातले लोक व्हिडिओ कॉलवर जोडलेले, गंभीर चेहऱ्यानं. डबल-फिल्टर बोलायला उभे राहिले. म्हणाले, आपल्या दिवंगत मॅडमचं स्वप्न आपल्यासमोर आहे, हा भक्कम पीळ हेच त्यांचं स्मारक. लोकांनी डोळे पुसले. आणि मला काय झालं ते मला माहीत नाही. राग म्हणू, की लाज, की तुझी आठवण. मी उभी राहिले आणि इंग्रजीत विचारलं, म्हणजे त्या चौकटीतल्यांनाही कळेल असं, की हा आलेख कोणत्या द्रावणात काढलाय.

साहेब म्हणाले, मॅडम भावनावश झाल्या आहेत, आज नको. मी म्हणाले, एकच शब्द सांगा, बसते. चौकटीतल्या एका बाईनं पुढं वाकून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग कुणीतरी पडदा बंद केला.

बसल्यावर मला कळलं मी काय केलं ते. तू मला बेसिनशी येऊन विचारलं होतंस. मी तुला भर सभेत विचारलं, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या लेकीसमोर, आणि उत्तर द्यायला तू नव्हतीस. तुझ्या टीममधली पोरं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तो कंटेनर. त्यातली एक मला जिन्यात गाठून म्हणाली, आजी, तुमची पेन्शन चालू आहे ना, मग झालं. तिचंही बरोबर होतं. आपल्या इथं बरोबर माणसांचा सुकाळ आहे.

यशो, मला तो प्रश्न मागं घ्यायचा नाही. तो विचारायलाच हवा होता. पुवानं भरलेल्या पायाला त्या आलेखाचा काही उपयोग नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण तो मी तुझ्या बाजूनं विचारला की तुझ्यावर सूड म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. तू असतीस तर माझी नळी उजेडात धरली असतीस आणि एका वाक्यात सांगून मोकळी झाली असतीस. माझ्यापाशी तशी नजर नाही. मला फक्त रंग दिसतो.

काल बोधी आली. एकटीच, बसनं. हिंजवडीतून परस्पर, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र. चहा नको म्हणाली. तू बसायचीस त्या खुर्चीवर न बसता दुसरीवर बसली. तिनं सांगितलं की त्या परदेशी कंपनीनं व्यवहार थांबवलाय, रद्द नाही केला, पाण्यातली मोजणी मागितलीय. विभाग तूर्त चालू राहणार. तुझ्या टीममधल्यांनी साहेबांना सांगितलंय की टाक्याची जागा सरकवून बघायची आहे, वेळ द्या. साहेबांनी गाळून गाळून होकार दिलाय. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चांगलं झालं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आणि बघ माझा स्वभाव. एवढं ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं. चक्क बरं. वाटलं, जिंकले. मी बोधीला म्हणाले की बघ, शेवटी सरळ रस्त्यानंच झालं ना, तुझी आई मला एक फोन करती तर हे तेव्हाच झालं असतं, पण तिचा हट्ट. तिला फोन करायला काय झालं होतं?

पोरगी रडली नाही. तिनं माझ्याकडे नीट बघितलं, तुझ्यासारखं, बराच वेळ. मग म्हणाली,

"आईनं मला सांगितलं होतं, 'ताईंना फोन केला तर मला सही मागं घ्यावी लागेल, म्हणून करत नाही.' तिचं कारण मला माहितीये, आजी. तुम्ही का नाही केलात?"